सौन्याचा धूर कोणत्या रकान्यात?

आमच्या कारखान्यात कुठलाही निर्णय कॉफीच्या सुट्टीत होतो, आणि जो त्या सुट्टीला हजर नसतो त्याच्या गळ्यात ते काम पडतं. ही पद्धत कुणी ठरवलेली नाही, पण ती मोडलेली मी तरी पाहिली नाही. त्यामुळे आमच्याकडची माणसं ताप अंगावर काढतात, पण कॉफी चुकवत नाहीत. मी मात्र त्या दिवशी दाढ काढायला गेलो. अर्धा जबडा बधिर, ओठ एका बाजूला लोंबतोय, अशा अवतारात परतलो तर मालकीण हेल्का म्हणाली, "ओस्मो, तू आता आपला शाश्वतता अधिकारी बरं का." मला ठणकावून नाही म्हणायचं होतं. पण तोंडातून नुसती लाळ आली. समोर वेलचीच्या गोड पावाची बशी होती, त्यातला एकही पाव मला चावता येणार नव्हता, आणि त्या अपमानात मी रुमाल शोधत असताना सभा संपली.

आम्ही हेलसिंकीपासून लांब, कुइकालाहतीत लोकरीच्या सपाता करतो. कुइकालाहती म्हणजे एक तळं, एक चर्च, एक दुकान, एवढंसं वाचनालय आणि आमचा कारखाना. हेल्काच्या आजोबांनी तो काढला. मी तिथे हिशेब आणि मालाची पाठवणी पाहतो, आणि आजवर माझ्या सपाता कधी चुकीच्या देशात गेलेल्या नाहीत, हे मी नम्रपणे पण सारखं सांगत असतो.

आता आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे जर्मनीतली एक दुकानांची साखळी. युरोपात नवा कायदा आला होता: मोठ्या कंपन्यांनी नफ्या-तोट्याबरोबर आपण निसर्गाचं आणि माणसांचं काय करतो याचाही अहवाल द्यायचा. कायदा त्यांना होता, आम्हाला नव्हता. पण त्यांनी सपाता आमच्याकडून घेतल्या, म्हणजे त्या सपातांचा धूरही त्यांचाच. म्हणून त्यांनी आम्हाला प्रश्नावली पाठवली आणि खाली प्रेमाने लिहिलं, की उत्तर आलं नाही तर पुढच्या हिवाळ्याच्या मालाचा विचार करणं अवघड जाईल. हेल्का म्हणाली, "थोडं वाचून घे की." ते थोडं छापून काढलं तेव्हा कारखान्याच्या छपाईयंत्रातली शाई संपली.

मी वाचायला बसलो. त्यात हवामान होतं, पाणी होतं, पक्षी होते, कामगार होते, कामगारांचे कामगार होते, आणि मधोमध 'दुहेरी महत्त्व' नावाचं एक प्रकरण होतं. ते मला तीन वेळा वाचूनही कळेना. शेवटी माझी बायको मार्केत्ता विणकामातून मान वर न करता म्हणाली, "काय आहे ते मोठ्याने वाच."

मी वाचलं. "आपला जगावर काय परिणाम होतो ते एक. आणि जगाचा आपल्यावर काय परिणाम होतो ते दुसरं. दोन्ही तोलायचं."

"म्हणजे तुझं घोरणं," मार्केत्ता म्हणाली. "तू घोरतोस, माझी झोप जाते. हा तुझा जगावर परिणाम. मग मी तुला कोपर मारते. हा जगाचा तुझ्यावर. यात न कळण्यासारखं काय आहे?"

पुढे गावच्या वाचनालयात छोट्या उद्योजकांसमोर मी या विषयावर व्याख्यान दिलं तेव्हा हेच उदाहरण माझं म्हणून दिलं. लोकांनी वह्यांत उतरून घेतलं. त्या दिवसापासून मी परिसरातला या कायद्याचा एकमेव जाणकार ठरलो, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं. दुकानात माणसं मला वाट देऊ लागली. आता कळतं, की ती मी काहीतरी समजावून सांगेन या भीतीने बाजूला होत होती.

नियमात असंही होतं, की ज्यांचं हित तुमच्यात गुंतलंय त्यांचं मत घ्या. आमच्यासारख्यांना इतकं खोलात जायची गरज नव्हती असं नंतर कळलं, पण अर्धवट काम आमच्याकडे कुणाला जमत नाही. आता, आम्ही सावो भागातले. सावोचा माणूस कधी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. त्याला बाहेर पाऊस पडतोय का विचारलं तर तो म्हणेल, "ओलं असलं तर असेलही." बोलणाऱ्याची काही जबाबदारी नाही, काय कळायचं ते ऐकणाऱ्याने आपल्या जोखमीवर कळून घ्यायचं. अशा लोकांची मी सभा घेतली. कॉफी ठेवली, पाव ठेवले, कागद वाटले, आणि प्रत्येक विषयाला एक ते पाच गुण द्यायला सांगितलं. सगळ्यांनी सगळ्याला तीन दिले. बालमजुरीला तीन, देवमाशांना तीन, कारखान्यातल्या उजेडाला तीन. फक्त लेम्पीने काहीच भरलं नाही.

लेम्पी आमची निवृत्त कामगार. अठ्ठ्याहत्तरीला आली तरी दर गुरुवारी येते आणि तळ्याकाठचा कारखान्याचा सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची लाकडी खोली, तापवते. लाकडं तीच फोडते. सौना तिच्या नवऱ्याने ओंडक्यांवर ओंडका रचून बांधला होता. नवरा गेला, सौना आहे.

"तू का नाही काही लिहिलंस?" मी विचारलं.

"यात सौना कुठे विचारलाय?"

"अगं, हे पर्यावरणाचं आहे."

"हं," लेम्पी म्हणाली. "असेल."

शिवाय नियमात लिहिलं होतं, की निसर्ग हाही हितसंबंधीच, पण मुका. त्याचंही ऐकावं. माझा शेजारी तौनो, निवृत्त भूगोल शिक्षक, कुंपणावरून म्हणाला, "मग तळ्याला विचार. नियम म्हणजे नियम." म्हणून मी फळ्यांच्या धक्क्यावर जाऊन तासभर बसलो. तळं काही बोललं नाही. पण आमच्याकडे शेजारी बसून तासभर न बोलणं म्हणजे उत्तम गप्पा झाल्या असं मानतात, तेव्हा मी 'चर्चा समाधानकारक' अशी नोंद केली.

मग आला मुख्य प्रश्न: कारखाना स्वतः काय काय जाळतो, आणि ते कधी शून्यावर आणणार? हा मला सोपा वाटला. इमारत तापवायची उष्णता आम्ही गावच्या उष्णता-केंद्राकडून विकत घेतो, वीज धरणाची, आणि धूर सोडणारी माल न्यायची जुनी गाडी आदल्या वर्षीच भंगारात गेली. मी ऐटीत लिहिलं: काही जाळत नाही, यंदापासून शून्य, कायमचं. हेल्काने सही केली. जर्मनीहून इतकं गोड उत्तर आलं की ते मी घरी फ्रिजवर लावलं. आमचं नाव त्यांनी 'एकही काडी न जाळणारा पुरवठादार' म्हणून दुकानादुकानांत झळकवलं. कुइकालाहतीचं नाव इतक्या लोकांनी यापूर्वी कधी वाचलं नसेल.

त्या गुरुवारी मी सौन्यात वरच्या फळीवर, माझ्या नेहमीच्या जागी बसलो होतो. अंगातून घाम निथळत होता, मन प्रसन्न होतं. समोर दगडांची शेगडी. शेगडीच्या दाराच्या फटीतून लाल उजेड दिसत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. बर्चची लाकडं छान जळत होती. कुणाची लाकडं? कारखान्याची. कुणाची शेगडी? कारखान्याची. आणि ऐंशी अंशांच्या उष्णतेत मला थंडी वाजली.

तुम्ही म्हणाल, हे आधी कसं सुचलं नाही? तर सौना तापवणं म्हणजे काही जाळणं, असं आमच्याकडे कुणाच्या डोक्यातच येत नाही. श्वासाची कुणी नोंद ठेवतं का? पण एकदा दिसल्यावर मला ते न दिसल्यासारखं करता येईना. आम्ही बोलताना कधी सरळ बोलत नाही हे खरं, पण लिहिताना खोटं लिहीत नाही. दुसऱ्या कुठल्या गावात कुणी गुपचूप गप्प बसला असता. मी सकाळी हेल्काच्या दारात उभा राहिलो.

तिने ऐकून घेतलं. "तसं म्हटलं तर जळतं खरं," ती म्हणाली.

"हो."

"आणि शून्य असं लिहून गेलंय."

"गेलंय."

"मग..." हेल्का म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. सावोच्या भाषेत याचा अर्थ, फोडून ठेवलेली लाकडं संपली की सौना बंद.

सौना बंद म्हणजे काय, हे मला इथे सांगायलाच हवं. आम्ही कुठेही सरळ बोलत नाही असं मी म्हटलं, पण सौना त्याला अपवाद आहे. गुरुवारी आधी बायका, मग पुरुष, आणि आत शिरलं की कपड्यांबरोबर आडवळणंही खुंटीला टांगली जातात. कारखान्यातली भांडणं तिथे मिटतात, पगारवाढ तिथे मागतात, माफी तिथे मागतात. माझे वडील गेले तेव्हा आठवडाभर कुणी मला एका शब्दाने विचारलं नाही. गुरुवारी सौन्यात शेजारच्या माणसाने पाणी टाकलं, वाफ उठली, आणि तो म्हणाला, "ओस्मो, तुझा बाप चांगला माणूस होता." मी तिथे पोटभर रडलो. घामात कुणाला कळलं नाही, आणि कळलं असेल तर चाललं. ती जागा मी एका रकान्यात शून्य घालून मारली होती.

गावाने मला काही म्हटलं नाही. हीच शिक्षा. कॉफीला माझ्या वाटणीला कडेचा करपलेला पाव येऊ लागला. सौन्यात माझी वरची जागा भरलेली असायची. मी दाराजवळच्या खालच्या कोपऱ्यात बसू लागलो, जिथे वाफ पोचेपर्यंत तिची वाफ राहत नाही. मार्केत्ता बायकांच्या पाळीवरून घरी आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "आज तिथे तुझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही."

"मग बरंच आहे की."

"ओस्मो, सौन्यात कुणी काही बोललं नाही. तेच तुला सांगतेय."

सल्ले मात्र आले, आणि सगळे तौनोकडून. तौनो कारखान्यात कधीच कामाला नव्हता, पण गुरुवारी सौन्याला येतो. त्याला कुणी बोलावलं हे कुणालाच आठवत नाही. तो म्हणाला, "विजेची शेगडी बसव." ते मी लेम्पीच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "विजेवर अंडी उकडतात," आणि लाकूड असं काही फोडलं की मी दोन पावलं मागे सरलो. मग तौनो म्हणाला, "सौना लेम्पीला बक्षीस देऊन टाका. मग धूर तिचा." मी नियम उघडले. जाणकाराच्या सुरात त्याला सांगितलं, की दुसऱ्याने आपल्यासाठी जाळलेलंही शेवटी आपल्याच नावावर येतं, फक्त वेगळ्या प्रकरणात. तौनो विचारात पडला. तौनो विचारात पडला की गावाने सावध व्हावं.

"तळं कुणाचं?" त्याने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"कुणाचंच नाही. म्हणजे सगळ्यांचं."

"मग सौना बर्फावर नेऊ! कारखान्याच्या हद्दीबाहेर!"

हे नियमात कुठे बसत होतं ते मला आजही सांगता येणार नाही. पण करपलेले पाव खाऊन माझी बुद्धी चालेनाशी झाली होती. मार्च संपत आला होता, तळं अजून घट्ट गोठलेलं होतं. तौनोने जुना ट्रॅक्टर आणला, आम्ही सौन्याखाली ओंडके सरकवले, साखळ्या बांधल्या. लेम्पी हाताची घडी घालून बघत होती. ट्रॅक्टरने हिसका दिला. सौना हातभर पुढे आला, क्षणभर थांबला, आणि काठाच्या मऊ झालेल्या मातीत त्याचा एक कोपरा सावकाश खाली बसला. मग तो पुढेही जाईना, मागेही जाईना. दार वाकडं झालं. आता ते आतून कुणीतरी पायाने दाबून धरल्याशिवाय बंदच होत नव्हतं.

"तो सरळ उभा होता," लेम्पी एवढंच म्हणाली, आणि घरी गेली. तिला पाठमोरी जाताना पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी नगरपालिकेतून माणूस आला. काठापासूनचं अंतर बदललं म्हणजे हे नवं बांधकाम झालं, तेव्हा परवाना लागेल, असं तो म्हणाला. मी म्हटलं, हे बांधकाम नाही, हे जुनंच आहे, फक्त चाललं. त्याने कपाळाला आठी घातली. चालतं ते वाहन, आणि वाहनाचं खातं वेगळं, तालुक्याच्या गावी, असं त्याचं म्हणणं. मी त्याला करपलेला पाव दिला. तो म्हणाला, बघू, बर्फ वितळेपर्यंत काही घाई नाही.

आणि त्याच सुमारास जर्मनीच्या गिऱ्हाइकाने आमचं शून्य खरं आहे का ते बघायला हेलसिंकीहून तपासनीस पाठवला. रेइयो त्याचं नाव. चेहरा बंद खिडकीसारखा. दिवसभर त्याने माझे कागद चाळले, तळ्याशी झालेल्या चर्चेची नोंद दोनदा वाचली आणि माझ्याकडे बघितलं. गुरुवार होता. शेवटचा. हेल्काने तसं जाहीर केलं नव्हतं, पण लेम्पी परत आली होती आणि उरलेली सगळी लाकडं शेगडीत घालत होती, त्यावरून सगळ्यांना कळलं. पाहुण्याला सौन्याला न बोलावणं आमच्याकडे होत नाही, मग तो तपासनीस का असेना.

आत सगळे एका बाजूला कलून बसलो. रेइयोला वरची जागा दिली, म्हणजे माझी. मी खालच्या कोपऱ्यात, पायाने दार दाबून. पाण्याची बादली वरच्या फळीजवळ ठेवली की हळूहळू घसरत खाली यायची, कुणीतरी ती परत वर न्यायचं.

"सौना वाकडा का आहे?" रेइयोने विचारलं.

"तो बर्फावर चालला होता," तौनो म्हणाला.

"का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सौन्यात आडवळण चालत नाही, म्हणून मी सगळं सांगितलं: शून्य, लाकडं, फटीतला लाल उजेड, आजचा शेवटचा गुरुवार. रेइयो ऐकत होता. त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब पडला.

"लाकूड कुठलं?"

"इथलंच. बर्च."

"मग ते तू या शून्याच्या आड कशाला आणलंस?" तो म्हणाला. "लाकडाचा कार्बन वेगळ्या रकान्यात लिहायचा असतो. झाडं परत वाढतात. तळटीप आहे. धुरातल्या इतर वायूंचा जो किरकोळ अंश उरतो तो लिहा प्रामाणिकपणे. मी हेलसिंकीहून गाडीने आलो, त्याच्यापुढे तो काहीच नाही. तळटीप वाचली नाहीस?"

परिसरातला एकमेव जाणकार उघडाबोडका, एक पाय दारावर ठेवून बसला होता. शाई संपल्यामुळे तळटिपा फिकट छापल्या गेल्या होत्या, हे सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. "नाही वाचली," मी म्हणालो.

मग वरच्या फळीवर कुणीतरी हसू लागलं, मग शेजारचा, मग सगळेच, आणि बंद खिडकीसारखा रेइयोही. "गाढवा!" एकजण म्हणाला. "अरे, महिनाभर आमचा जीव टांगणीला लावलास!" दुसरा म्हणाला, "मला तर तुला तळ्यात ढकलायचं होतं." तौनो म्हणाला, "मी आधीच म्हणत होतो," आणि मग सगळे त्याच्यावर घसरले. इतकं सरळ बोलणं मी कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. प्रत्येक शिवी मला औषधासारखी लागत होती.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं: आमचं शून्य पूर्ण शून्य नाही, थोडंसं आहे, आणि ते थोडंसं आम्ही दर गुरुवारी आनंदाने जाळणार आहोत. खाली हेल्काची नाही, माझी सही केली. वाचनालयात जाऊन व्याख्यानाच्या श्रोत्यांनाही सांगितलं, की तुमच्या वह्यांतल्या उताऱ्यांत एक तळटीप घाला. घोरण्याचं उदाहरण मार्केत्ताचं होतं हेही सांगितलं. ती पहिल्या रांगेत होती, सांगितलं नसतं तर घरी कोपर बसलं असतं.

पत्राला उत्तर आलं ते असं, की युरोपचे कायदे करणाऱ्या ब्रुसेल्सने नियम पुढे ढकलले आहेत, आणि पुढे ते आणखी सैल होणार आहेत. तुमच्याएवढ्या लहान पुरवठादारांकडून आम्हाला आता ही माहिती नको. केलेल्या मेहनतीबद्दल आभार. सपाता पूर्वीप्रमाणे पाठवाव्यात. मी ते पत्र दोनदा वाचलं. हेल्का म्हणाली, "तसं म्हटलं तर..." आणि माझ्यापुढे मधला, मऊ, साखर पेरलेला पाव सरकवला.

गुरुवारी मी सौन्यात शिरलो आणि सवयीने खालच्या कोपऱ्यात बसलो. वर जागा होती, पण दार कुणीतरी दाबून धरायला हवंच होतं. सौना अजून वाकडाच आहे. परवान्याचा कागद तालुक्याला फिरतोय. बादली नेहमीप्रमाणे घसरत घसरत आली आणि माझ्या गुडघ्याला टेकून थांबली. एकाने ती उचलायला हात घातला, तेवढ्यात दार ढकलून लेम्पी आत डोकावली. आम्ही कुणी अंग चोरलं नाही. तिने आम्हाला सगळ्यांना असंच लहानाचं मोठं होताना पाहिलंय.

"राहू दे ती तिथेच," ती म्हणाली. तिच्या हातात तिच्या नवऱ्याने कोरलेली लाकडी पळी होती. आमच्याकडे पळी ज्याच्या हातात, वाफ त्याच्या मर्जीने. आजवर ती वरच्या फळीवरून कधी खाली आली नव्हती. "बादली इथे येते म्हणजे पळी इथेच. घे रे ओस्मो."

मी आधी बादली सावरली.

"घे म्हणते ना. आणि पुढच्या वेळी दाढ दुखली तर कॉफीनंतर काढ."

मी पळी घेतली, पाणी भरलं, आणि दगडांवर टाकलं. फुसकारत वाफ उठली, आधी वरच्यांना भिडली, आणि मग वळून, सावकाश, खाली माझ्या कोपऱ्यापर्यंत आली.